समुद्रकाठचा वाद

देवाधर्माच्या बैठकीत कुणी उलट प्रश्न विचारला की आपण म्हणतो, "इथं वाद नको." आज मी तुम्हाला मुंबईतल्या एका वादाची गोष्ट सांगणार आहे. तो वाद साडेचार महिने चालला होता, आणि तोही उघड्यावर, समुद्राच्या काठी.

वाद घालणारे होते विष्णुबुवा ब्रह्मचारी. त्यांचं मूळ नाव विष्णू भिकाजी गोखले. जन्म १८२५ चा, माणगावजवळच्या शिरवली गावचा. वडील लहानपणीच गेले, म्हणून किराणा दुकानात काम केलं, मग सरकारी जकातीच्या खात्यात नोकरी धरली. विशीतच ती सोडली आणि तप करायला सप्तशृंगीच्या डोंगरावर गेले. आपल्यातल्या कितीतरी जणी चैत्रात जातात ना, तोच वणीचा गड. तिथून उतरल्यावर गावोगाव फिरत, व्याख्यानं देत ते मुंबईला पोचले.

मुंबईत तेव्हा वातावरण तापलेलं होतं. मिशनरी लोक शाळा चालवायचे, छापखाने चालवायचे आणि हिंदू देवांवर कडक टीका करायचे. १८३९ साली दोन पारशी मुलं ख्रिस्ती झाली आणि मोठा गहजब उडाला. पुढे चारच वर्षांनी श्रीपत शेषाद्री नावाचा ब्राह्मण मुलगा मिशनऱ्यांकडे राहून परत आला, तर त्याला जातीत घ्यायचं की नाही यावरून गावात दोन तट पडले. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला परत घ्या म्हणून खटपट केली, तर लोक बाळशास्त्रींवरच उलटले. पोटचा मुलगा घरी आलाय आणि त्याला पंगतीत घ्यायचं की नाही यावर महिनोन् महिने खल चाललाय! त्याच्या आईला कुणी विचारलं होतं का, कोण जाणे.

अशा वेळी विष्णुबुवांनी मिशनऱ्यांना तोंडावर उत्तर द्यायचं ठरवलं. १५ जानेवारी १८५७ पासून दर गुरुवारी संध्याकाळी समुद्रकिनारी सभा भरू लागली. मिशनऱ्यांनी प्रश्न करायचे, बुवांनी उत्तर द्यायचं, मग बुवांनी बायबलावर प्रश्न करायचे. ऐकायला ही गर्दी. जॉर्ज बोवेन नावाचे अमेरिकन मिशनरी त्या वादात होते. त्यांनी त्याची हकीकत इंग्रजीत छापली, पुढे मराठीतही पुस्तक निघालं.

कोण जिंकलं? दोन्ही बाजूंना वाटलं आपणच. त्या वादातून कुणाचं मन पालटलं असं मला तरी वाटत नाही. पण एक झालं. ज्या प्रश्नांवर घराघरांत कुजबुज आणि शिव्याशाप चालायचे, ते प्रश्न समोरासमोर, नाव घेऊन विचारले गेले. शेवटची सभा २८ मे ला झाली. १० मे ला मीरतला उठावाला सुरुवात झाली होती. त्या दिवसांत धर्मावर जमणारी गर्दी सरकारला कशी चालेल?

वाद घालून बुवांचं काही बिघडलं नाही, उलट त्यांचे विचार पुढेच गेले. १८६७ साली त्यांनी 'सुखदायक राज्यप्रकरणी निबंध' लिहिला. सगळ्या राज्याचं एक कुटुंब मानावं, जमीन सगळ्यांची, धान्याचं कोठार सगळ्यांचं, असं त्यात म्हटलंय. संन्याशाच्या तोंडी ही भाषा! प्रश्नांना उत्तरं देता देता माणूस स्वतःही विचार करायला लागतो, असं मला वाटतं.

आता आपल्याकडे बघा. मध्यंतरी एका गटात हरिपाठ झाल्यावर एका ताईनं विचारलं, "नवरा गेला म्हणून मी हळदीकुंकवाला का येऊ नये? कुठल्या पोथीत लिहिलंय?" बाकीच्या म्हणाल्या, "देवाच्या दारात असलं नको काढूस." ती गप्प झाली, आणि पुढच्या हरिपाठाला आलीच नाही. भांडण टळलं खरं, पण बाई गेली. मला विचाराल तर तिला बोलू द्यायला हवं होतं. तिच्यानंतर जिला पटत नाही तिनं बोलावं. मध्ये तोडायचं नाही, आणि घरची उणीदुणी काढायची नाहीत. गटाच्या बैठकीत कर्जावरून आपण तासभर वाद घालतो, तरी गट मोडत नाही ना?

समुद्रकाठी वाद घालणारे सगळे पुरुष होते. धर्माच्या नावानं बायकांना दोष देणाऱ्यांना बाईनं जाब विचारायला पुढं पंचवीस वर्षं लागली. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येबद्दल शिक्षा झाली, आणि वर्तमानपत्रांतून सगळ्या बायकांवर चिखलफेक सुरू झाली. तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली. शास्त्रं कुणी लिहिली, देवांच्या गोष्टींत बायकांना काय भोगावं लागलं, पुरुषाला दुसरं लग्न चालतं तर बाईला का नाही, हे सगळं त्यांनी रोखठोक विचारलं.

विष्णुबुवांना ऐकायला गर्दी जमली होती. ताराबाईंच्या वाट्याला टीका आली. १८८५ साली जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक काही निघालं नाही.