शांतिनिकेतन (फ्लोरिडा)

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात टव्हेरीस येथे भारतीय वंशाच्या ज्येष्ठांसाठी वसवलेली निवृत्तांची वसाहत. संस्थापक इगी इग्नेशियस. टागोरांच्या संस्थेशी तिचा संबंध नाही. घरे कॉन्डोमिनियम पद्धतीची : घर रहिवाशाच्या मालकीचे, आवार सामाईक, देखभालीसाठी मासिक वर्गणी. शुश्रूषागृह नव्हे, येथे हिंडतेफिरते लोक राहतात. भारतीय जेवण देणारी भोजनशाळा, प्रार्थनागृह, योगवर्ग या सोयी आहेत. खरी ओढ मात्र रोजच्या स्वयंपाकातून सुटकेची आणि आपल्यासारख्या शेजाऱ्यांची. अशा वसाहतींची कल्पना ॲरिझोनातील सन सिटीने (१९६०) लोकप्रिय केली. १९९५ च्या संघराज्यीय कायद्यानुसार, किमान ८० टक्के वसलेल्या घरांत ५५ वा अधिक वर्षांची एक तरी व्यक्ती असल्यास वसाहतीला वयाची अट घालता येते.