जुन्या मोटारसायकलींच्या क्लच व पारेषण यंत्रणेतील दोषनिदान

जुन्या मोटारसायकलींच्या क्लच व पारेषण यंत्रणेतील दोषनिदान म्हणजे इंजिनाची शक्ती मागच्या चाकापर्यंत पोहोचताना कोणत्या टप्प्यावर वाया जाते किंवा अडते, हे इंजिन उघडण्यापूर्वी बाह्य लक्षणांवरून ठरवण्याची पद्धत होय. बुलेट, १९९६ पर्यंत म्हैसूर येथे तयार होणारी येझदी, १९८५ साली आलेल्या यामाहा आरएक्स १०० व हीरो होंडा सीडी १०० आणि बजाज ऑटोची कावासाकी बजाज केबी १०० या गाड्या महाराष्ट्रात अजूनही वापरात दिसतात. त्यांचे सुटे भाग मिळवणे कष्टाचे असल्याने चुकीच्या निदानाची किंमत मोठी असते. अनेकदा क्लच प्लेटा बदलूनही दोष राहतो, कारण तो मुळात केबलमध्ये किंवा चेनमध्ये असतो.

क्लच घसरणे

वरच्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर पिळल्यावर इंजिनाचा आवाज चढतो, पण वेग वाढत नाही, हे क्लच घसरण्याचे मुख्य लक्षण होय. चढावर ते अधिक स्पष्ट होते. पहिली तपासणी लिव्हरची करावी लागते. लिव्हरच्या टोकाशी साधारण १० ते २० मिमी मोकळी चाल हवी. ती नसेल तर केबल प्लेटांना कायम किंचित उघडे ठेवते. केबल पूर्ण सैल करून पुन्हा चालवल्यावर घसरण थांबली, तर प्लेटा बहुधा शाबूत असतात. त्यानंतरच झिजलेल्या प्लेटा, थकलेल्या स्प्रिंगा आणि ऑईल यांचा विचार होतो. घर्षण कमी करणारी रसायने असलेले मोटारींचे ऑईल तेलात बुडालेल्या क्लचला चालत नाही.

क्लच न सुटणे

याउलट लिव्हर दाबूनही गाडी पुढे रेटते, न्यूट्रल सापडत नाही आणि पहिला गिअर खडखडत पडतो. जास्त सैल केबल, वाकलेल्या पोलादी प्लेटा किंवा क्लच बास्केटच्या कडांवर पडलेल्या खाचा ही त्याची कारणे असतात. रात्रभर उभ्या बुलेटच्या प्लेटा चिकटतात. लिव्हर दाबून चार-पाच किका मारल्यास त्या सुटतात. हा दोष मानला जात नाही. गिअर आपोआप निसटत असेल, तर मात्र क्लच सोडून गिअरबॉक्सकडे पाहावे लागते.

किकवरून निदान

बुलेटची किक क्लचमार्गे इंजिन फिरवते, म्हणून किक हलकी जाऊन इंजिन फिरत नसेल तर क्लचवर संशय घेतला जातो. आरएक्स १०० ची किक क्लचवर अवलंबून नसते. तिथे तेच लक्षण किकच्या गिअरचा दोष सुचवते. याच गाडीत दाट पांढरा धूर येऊन गिअर ऑईलची पातळी घटत असेल, तर क्रँकशाफ्टचे क्लचकडील ऑईल सील गेलेले असते.

चेन व स्प्रॉकेट

मुंबई–गोवा महामार्गावरील पेण–वडखळ–कासू–नागोठणे पट्ट्यात कोकणातील पाऊस, चिखल आणि रखडलेल्या रुंदीकरणाचे खड्डे यांचा मारा सर्वाधिक चेनवर होतो. वंगण धुऊन जाते, वाळूचे कण रोलरमध्ये शिरतात. गणेशोत्सवाच्या कोंडीत अर्ध्या क्लचवर तासन्‌तास रेंगाळल्याने प्लेटाही तापतात. झिजलेली चेन मागच्या स्प्रॉकेटच्या पाठीमागून ओढल्यास दातांपासून उचलली जाते. चाक फिरवत ताण अनेक जागी मोजावा लागतो, कारण चेन असमान ताणते. समायोजन सर्वांत घट्ट जागी करतात. साधारण २० ते ३० मिमी ढिलाई पुरते, मात्र नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेतूनच घेतला जातो. अति घट्ट चेन गिअरबॉक्सचे बेअरिंग खाते. चेन लॉकच्या क्लिपचे बंद टोक चेन धावते त्या दिशेने असावे लागते. ते उलटे बसवल्यास क्लिप निसटू शकते आणि तुटलेली चेन गुंडाळली जाऊन मागचे चाक धावत्या गाडीत जाम होऊ शकते.

सुरुवातीला बसणारा धक्का आणि ‘टक’ असा आवाज पुष्कळदा क्लचचा समजला जातो. प्रत्यक्षात तो मागच्या हबमधील झिजलेल्या रबरांचा असतो.