गीताखालचे नाव: शब्बाथशाळेची गीते आणि त्यांच्या कर्त्यांची चरित्रे

१९१५ सालच्या आरंभी, तीन आठवड्यांच्या अंतराने, अमेरिकेत दोन वृद्ध लेखिका निवर्तल्या. २२ जानेवारीला ॲना वॉर्नर आणि १२ फेब्रुवारीला फॅनी क्रॉस्बी. पहिलीचे एकच गीत जगभर गेले. दुसरीच्या नावावर आठ हजारांहून अधिक गीते जमा आहेत. दोघींचीही कीर्ती मुख्यतः शब्बाथशाळेत, म्हणजे मुलामुलींना दर रविवारी धर्मशिक्षण देणाऱ्या वर्गांत, घडली. दोघींच्याही बाबतीत गीताच्या मागोमाग त्याची जन्मकथा हिंडत राहिली आणि पाहता पाहता त्या जन्मकथेनेच गीताच्या अर्थाचा ताबा घेतला.

अशा जन्मकथांचा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकारच एकोणिसावे शतक संपता संपता रूढ झाला होता. अमुक गीत कोणत्या दुःखातून स्फुरले आणि ते ऐकून कोणाचे मन पालटले, एवढेच त्याचे आशयसूत्र. प्रवचनकार मूडी यांचे सहकारी गायक आयरा सँकी यांनी १९०६ साली प्रसिद्ध केलेला गीतकथांचा संग्रह हा या प्रकाराचा आधारग्रंथ होय. त्याचे मूळ हस्तलिखित १९०२ साली बॅटल क्रीक येथील आरोग्यभवनाला लागलेल्या आगीत जळाले. पुढे दृष्टी गमावलेल्या सँकींनी तो स्मरणाच्या बळावर पुन्हा सिद्ध केला. नंतरच्या पुस्तिकांनी ज्या कथा प्रमाण म्हणून उद्धृत केल्या, त्या अशा दुसऱ्यांदा आठवलेल्या कथा होत्या. स्मरण दुसऱ्यांदा सांगताना नेहमीच थोडे अधिक सुघटित होते.

मराठी वाचकाला हा व्यवहार अपरिचित नाही. महिपतीच्या ‘भक्तविजया’त (१७६२) अभंग आणि आख्यायिका परस्परांच्या आधाराने उभ्या असतात. अभंगातील उद्गारावरून प्रसंग कल्पिला जातो आणि मग तोच प्रसंग त्या उद्गाराचे कारण म्हणून सांगितला जातो. अमेरिकन मराठी मिशनच्या जस्टिन ॲबट यांनी उत्तरायुष्यात महिपतीच्या इंग्रजी भाषांतराचे काम हाती घेतले. गीतकथांच्या वातावरणातून आलेल्या माणसाला महिपती आपला वाटावा, यात नवल नाही. तथापि एक भेद मूलभूत आहे. अभंगात कर्त्याची नाममुद्रा संहितेच्या आत असते. प्रक्षेपाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी, बोलणारा आणि रचणारा एकच आहे असे ती मुद्रा सांगते. मुलांसाठी रचलेल्या स्तोत्रात ‘मी’ म्हणणारे मूल असते आणि रचणारी व्यक्ती प्रौढ असते. तिचे नाव गीताच्या बाहेर, खाली, बारीक टाइपात छापलेले असते. चरित्रात्मक समीक्षेचे नेहमीचे गृहीत येथे सुरुवातीलाच अडखळते.

ॲना वॉर्नरच्या बाबतीत ‘मी’ चे हे अंतर आणखी वाढते. तिचे ‘जीझस लव्ज मी’ हे गीत मुळात स्तोत्र नव्हतेच; ते एका कादंबरीतले आहे. तिने आणि तिची बहीण सुझन हिने मिळून, टोपणनावांनी लिहिलेल्या ‘से अँड सील’ (१८६०) या कादंबरीत एक तरुण शिक्षक मरणोन्मुख बालकाला ते गाऊन दाखवतो. म्हणजे मूळ उद्गार एका कल्पित पात्राचा, आणि तोही दुसऱ्या कल्पित पात्राच्या वतीने केलेला. १८६२ साली विल्यम ब्रॅडबरी या संगीतरचनाकाराने हे शब्द कादंबरीतून उचलले, त्यांना ध्रुवपद जोडले आणि केवळ पाच स्वरांत फिरणारी, आपल्याकडील भूपाच्या स्वरांशी जुळणारी चाल दिली. कादंबरीतले मूल मरत होते. ब्रॅडबरीच्या चालीत ते कोणतेही निरोगी मूल झाले. आज जगभरची मुले जो भाग सर्वांत मोठ्याने म्हणतात, तो वॉर्नरने लिहिलेलाच नाही.

तिच्या चरित्रात काय सापडते? १८३७ च्या आर्थिक पडझडीत वडिलांची मालमत्ता गेली. न्यूयॉर्कमधील सुस्थितीतले घर सोडून कुटुंब हडसन नदीतील कॉन्स्टिट्यूशन बेटावरच्या शेतघरात आले आणि दोघी बहिणींना लेखणीवर घर चालवावे लागले. सुझनची ‘द वाइड, वाइड वर्ल्ड’ (१८५०) अफाट खपली, तरी ओढाताण संपली नाही. समोरच्या वेस्ट पॉइंट लष्करी विद्यालयाच्या छात्रांना बायबल शिकवणारी प्रेमळ शिक्षिका, हे ॲनाचे चित्र सर्वपरिचित आहे. ते खोटे नाही, पण छात्रांचा तो वर्ग गीतानंतरचा आहे. गीताच्या वेळी होती ती विक्रीसाठी लिहिली जाणारी कादंबरी. भक्तीच्या वाङ्मयाला उपजीविकेचा स्पर्श झालेला दिसला की चरित्रकार तो पुसून टाकतात. वस्तुतः त्यानेच या लेखनाचा घाट ठरवला होता.

फॅनी क्रॉस्बीच्या (जन्म १८२०) आयुष्यात हा व्यावसायिक घटक इतका ठळक आहे की तो झाकायला दंतकथाच लागावी. अवघ्या सहा आठवड्यांची असताना तिची दृष्टी गेली. न्यूयॉर्कच्या अंधशाळेत ती आधी विद्यार्थिनी आणि मग शिक्षिका होती. जॉर्ज रूट या संगीतकारासाठी तिने लौकिक, बाजारात चालणारी गाणी आधीच लिहिली होती. १८६४ साली ब्रॅडबरीशी गाठ पडल्यावर ती स्तोत्रांकडे वळली. ब्रॅडबरीच्या मृत्यूनंतर (१८६८) त्याच्या धंद्याचा वारसा चालवणाऱ्या बिग्लो आणि मेन या प्रकाशनसंस्थेसाठी ती कित्येक दशके लिहीत राहिली. एका गीताला साधारण एकदोन डॉलर मिळत. पुढचा सारा हक्क दुसऱ्यांचा. एकाच संग्रहात एकाच लेखिकेची इतकी गीते दिसू नयेत म्हणून तिच्या नावाऐवजी ग्रेस फ्रान्सिस, एला डेल, हेन्रिएटा ब्लेअर अशी नावे छापली जात, कधी नुसती आद्याक्षरे वा चिन्हे. अशा टोपणनावांची संख्या सुमारे दोनशे भरते. एला डेलच्या गीतात एला डेलचे कोणते दुःख उमटले आहे, असा प्रश्न कोणी त्या काळी विचारला असता, तर त्याला काय उत्तर होते?

रचनेची रीतही तितकीच बोलकी आहे. ३० एप्रिल १८६८ रोजी विल्यम डोन हा संगीतकार तयार चाल घेऊन तिच्याकडे आला. सिनसिनाटीतील शब्बाथशाळांच्या संमेलनात ती चाल गायली जायची होती आणि त्याची गाडी सुटायला पाऊण तासही उरला नव्हता. तेवढ्यात क्रॉस्बीने शब्द बांधले आणि ‘सेफ इन द आर्म्स ऑफ जीझस’ हे गीत तयार झाले. चाल आधी आणि पद नंतर ही रीत मराठी संगीत नाटकाच्या अभ्यासकाला नवी नाही. गोविंदराव टेंब्यांच्या चालींवर खाडिलकरांनी ‘मानापमाना’ची (१९११) पदे अशीच बसवली. तेथे कोणी खाडिलकरांच्या खाजगी व्यथेचा शोध घेत नाही. क्रॉस्बीच्या गीताचा संबंध मात्र तिच्या तान्हेपणीच वारलेल्या एकुलत्या अपत्याशी जोडला जातो. त्या अपत्याविषयी तिने स्वतः फार क्वचित, एखाद्या वाक्यापुरतेच लिहिले. तिचे दुःख नाकारण्याचे कारण नाही. पण चालीतल्या लघुगुरूंनी मागितलेला शब्द आणि दुःखाने सुचवलेला शब्द यांतला फरक गीतातून काढून दाखवता येणार नाही. तिच्या गीतांत ‘पाहणे’ वारंवार येते, म्हणून अंधत्वाने तिला अंतर्दृष्टी दिली, हा तर्कही तसाच. मुखोमुख दर्शनाची ती परिभाषा बायबलची आहे. डोळस गीतकारांनीही ती सर्रास वापरली.

तिच्या जीवनाची कथाही वादाचा विषय झाली. कवी विल कार्लटन यांच्या पुढाकाराने १९०३ साली तिचे आत्मकथन निघाले. तिच्या अर्थसाहाय्यासाठी ते विकले जाताना, आपण तिला उपाशी ठेवले असा बोभाटा होतो आहे, असे तिच्या प्रकाशकांना वाटले. १९०६ साली दुसरे आत्मचरित्र आले आणि मृत्यूच्या वर्षी तिच्याकडून ऐकून लिहिलेले तिसरे. हयातभर स्वतःच्या नावाखाली छापले जाण्याचा हक्क जिला पुरता मिळाला नाही, तिची आत्मकथने मात्र तीन निघाली.

अटलांटिकच्या अलीकडे आयर्लंडमध्ये सेसिल फ्रान्सिस अलेक्झांडरने अविवाहित असतानाच ‘हिम्स फॉर लिटल चिल्ड्रन’ (१८४८) हा संग्रह काढला होता. त्यातली प्रसिद्ध गीते ही विश्वासांगीकारातील एकेका वाक्याचे मुलांसाठी केलेले स्पष्टीकरण आहे. रचनेचा हेतू उघडच अध्यापनाचा. तरीही क्रूसारोपणाच्या गीतातली हिरवी टेकडी डेरी शहराजवळची, असे सांगितले जाते. तिचे वास्तव्य तेव्हा स्ट्रबेनला होते. बिशपची पत्नी म्हणून ती डेरीला राहायला आली १८६७ साली.

शब्बाथशाळेचे हेच गीतभांडार अमेरिकन मिशनऱ्यांनी मराठीत, पाश्चात्त्य चालींसह, आणले. अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) त्याला दुसरा प्रवाह येऊन मिळाला तो कृष्णराव सांगळे आणि नंतर नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या भजनांचा. ‘फुलामुलांचे कवी’ टिळक मुलांच्या ‘बालबोधमेव्या’तही लिहीत आणि त्यांची पदे ‘उपासना संगीता’त आजही गायली जातात. त्यांच्या अभंगवजा रचनांत नाममुद्रा परत आली, ‘दास म्हणे’. मिशनच्या पुस्तकात गीताखाली उतरलेले नाव अशा रीतीने पुन्हा गीताच्या आत गेले.

आणि त्यांचे चरित्र लिहिले ते लक्ष्मीबाईंनी. ‘स्मृतिचित्रे’ (१९३४–३६) मध्ये टिळकांचा राग आहे, हाती आलेला पैसा वाटून टाकण्याची सवय आहे, १८९५ च्या बाप्तिस्म्यानंतरची ताटातूट आहे, आणि एका घरात कवीसोबत राहण्यातला रोजचा विनोदही आहे. कवितेचे वेड पानोपानी आहे. पण कोणत्याही पदाला कारण म्हणून प्रसंग पुरवण्याची घाई या लेखिकेला नाही. टिळक पद रचीत बसलेले असतात, तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर बहुधा स्वयंपाकघरातला रिकामा डबा असतो.