सुताला बिलगणारा रंग

हुबळीच्या बेंगेरीत राष्ट्रध्वजाची खादी रंगवतात. तिथे रंगाचा खरा कस लागतो: उन्हापावसात तो सुतावरून उतरता कामा नये. अल्झायमरच्या मेंदूत साचलेले प्लाक उजळून दाखवणाऱ्या रेणूंचं कूळ शोधत मागे गेलं, की आपण अशाच रंगाच्या कढईपाशी येऊन पोचतो.

1883 साली जर्मनीत पॉल बॉटिगर यांनी काँगो रेड बनवला. सुती कापडावर रंग पक्का बसावा म्हणून तोवर बहुतेक वेळा आधी तुरटी लावावी लागे. याला तिची गरज नव्हती. रेणू लांब, सपाट. कापसाच्या तंतूला अंगभर बिलगणारा. 1922 मध्ये हान्स बेनहोल्ड यांना दिसलं, की शरीरात साचणारं अमायलॉइडही या रंगाला तसंच धरून ठेवतं. अमायलॉइड म्हणजे पिष्टासारखं; आयोडीनने रंगतं म्हणून जर्मन वैद्य फिर्खो यांनी ते नाव दिलं. निघालं ते प्रथिन, पण बारीक तंतूंत रचलेलं! अल्झायमरचे प्लाक याचेच.

थायोफ्लेविन टी हाही मूळचा कापडाचाच रंग, पिवळा. 1959 मध्ये व्हॅसर आणि कलिंग यांनी त्याने अमायलॉइड चमकवून दाखवलं. मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती अशी: पाण्यात मोकळा असताना या रेणूचे दोन भाग आपापसांत फिरत राहतात आणि घेतलेला प्रकाश त्या फिरण्यातच जिरतो. अमायलॉइडच्या खाचेत अडकला की फिरणं थांबतं, आणि तोच प्रकाश निळसर-हिरवा होऊन बाहेर येतो. आपली हळदही प्लाकला चिकटते, आणि तिची चमकही भोवतालानुसार बदलते. चिमूटभर हळद पाण्यात आणि चिमूटभर स्पिरिटात कालवून दोन्ही वाट्या नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली धरा. पाण्यातली मंदच राहते, स्पिरिटातली झळाळते.

जिवंत माणसाच्या मेंदूत मात्र हे जमेना. थायोफ्लेविनवर धन भार, त्यामुळे रक्तातून मेंदूत शिरणं अवघड. शिवाय कवटीतून उजेड बाहेर येत नाही. पिट्सबर्गच्या विल्यम क्लंक आणि चेस्टर मॅथिस यांनी तो भार काढला आणि प्रकाशाऐवजी किरणोत्सारी कार्बन-11 जोडला. त्याचं अर्धायुष्य जेमतेम 20 मिनिटं. 2002 मध्ये स्वीडनच्या उप्सालात या रेणूच्या किरणांतून पहिल्या रुग्णाचे प्लाक तो हयात असताना दिसले. त्याआधी खात्री व्हायची ती शवविच्छेदनात.

चमकत्या रेणूंचा शोध थांबलेला नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पीएचडी केलेले टी. गोविंदराजू आणि त्यांचे सहकारी यांनी 2016 मध्ये बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्रातून असा एक रेणू मांडला. तो अमायलॉइडला चिकटला की लाल उजळतो. लाल उजेड ऊतींतून जास्त आरपार जातो. त्याचा एक भाग कुमारिनचा, आणि दुसरा बेंझोथायझोलचा. बेंझोथायझोलची ती जोडलेली दोन कडी थायोफ्लेविनमधलीच.