जीपच्या तीन दांड्या आणि आपोआप बदलणारी गती

बीड जिल्ह्यातील घाटनांदूरसारख्या गावी पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटा तुडवावयाच्या, तर चारही चाके ओढणारी गाडीच हवी. अशी गाडी मराठी मुलखाच्या परिचयाची झाली ती विलिस जीपच्या रूपाने. महिंद्र मंडळींनी मुंबईत तिची जोडणी १९४७ च्या सुमारास आरंभिली. चालकापाशी तीन दांड्या: एक तीन गतींच्या गिअरची, दुसरी पुढची चाके जोडण्याची, तिसरी जोर वाढविण्याची. पेटी बिघडली की ती उतरवून झिजलेले दंतचक्र बदलावयाचे. काय मोडले ते डोळ्यांना दिसे.

ऐकणाऱ्यांस नवल वाटेल, पण त्याच्याही आधी, १९३९ साली, अमेरिकेत जनरल मोटर्सने आपोआप गती बदलणारी हायड्रामॅटिक पेटी ओल्ड्समोबिल गाडीसाठी आणली होती. महायुद्धात ती हलक्या रणगाड्यांतही बसली. तेलाच्या दाबावर चालणारे हे यंत्र मात्र मोठे मिजासखोर! तेल जळले की घर्षणाच्या चकत्या घसरू लागतात. इंजिन गुरगुरते, गाडी हलत नाही. मग चकत्या नि रबरी कडी बदलून तेलाच्या अरुंद वाटा धुवाव्या लागतात. एक कण राहिला तरी झडप अडकते आणि मेहनत फुकट जाते. म्हणूनच पुष्कळदा सबंध पेटीच बदलण्याकडे मालकाचा कल होतो, खर्च जड असला तरी.

२०२० च्या नव्या थारला सहा गतींची अशीच पेटी मिळाली. चिखलात रुतलेली चाके उगाच गरगर फिरविली, तर तिचेही तेल तापावयाचेच. आणि तेथे नुसत्या हातोडी-पान्याने भागत नाही, दाबमापक लागतो.