निखारा हातात घेणारा पोरगा



परवा नातीचा नागपूरहून फोन आला. ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. "आजोबा, जंतू काय करणार हे बरेचदा त्याच्या आवरणावरून ठरते," म्हणाली. मी पडलो मराठीतला बी.ए.! पण तिने कुष्ठरोगाच्या जंतूचे नाव घेतले आणि मला १९७७ सालचा सातवीचा वर्ग आठवला...

आपल्या भंडारा जिल्ह्याला हा रोग नवा नाही. लहानपणी आम्ही 'महारोग' म्हणायचो, तेही हळू आवाजात. मागल्या जन्मीचे पाप, हे ठरलेलेच. नॉर्वेच्या हॅन्सनने १८७३ मध्येच त्याचा जंतू दाखवून दिला होता, पण ती बातमी आमच्या गावात पोचायला शंभर वर्षे पुरली नाहीत.

हा जंतू विष ओकत नाही. त्याची सारी करामत अंगावरच्या मेणचट आवरणात. त्यावर एकदा लाल रंग चढवला की आम्लाने धुतला तरी जात नाही. आपल्या पेशी त्याला गिळतात, पण कवच पचत नाही. मग तो तिथेच संसार थाटतो! त्या कवचात तीन शर्करांची शेपटी असलेला एक स्निग्ध पदार्थ आहे. २००० साली संशोधकांनी दाखवले, की ही शेपटी मज्जातंतूंभोवतीच्या पेशींच्या अस्तरातल्या लॅमिनिन-२ या प्रथिनाला धरते. धानाच्या बांधावरून चालताना कुसळे धोतराला धरतात ना, तशी. पुढे शरीराची प्रतिकारशक्ती त्याच्यावर तुटून पडते आणि त्यात मज्जातंतूही भरडले जातात. एकाचे दोन व्हायला त्याला बारा-चौदा दिवस लागतात, म्हणून वर्षानुवर्षे काही कळतच नाही.

आमच्या विदर्भातच १९३६ मध्ये मनोहरजी दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम काढले. सेवाग्रामला गांधीजी परचुरे शास्त्रींना स्वतः मालिश करत. १९४९ मध्ये बाबा आमट्यांची महारोगी सेवा समिती उभी राहिली. हे सगळे मला पाठ होते, वर्गात शिकवतही होतो.

तर तो पोरगा. मधल्या सुट्टीत पैज लावून चहावाल्याच्या शेगडीतला निखारा बोटात धरायचा. मी सगळ्या वर्गासमोर त्याची पाठ थोपटली, "याला म्हणतात धीट!" काही महिन्यांनी आरोग्य खात्याचा माणूस तपासणीला आला. डोळे मिटायला लावून कापसाच्या बोळ्याने स्पर्श केला. पोराला हातावर काहीच कळेना. दंडावर फिकट चट्टा होता, रोज माझ्या डोळ्यांसमोर.

त्यानंतर मी काय केले? त्याला खिडकीजवळ वेगळे बसवले. कुणी सांगितले नव्हते. दिवाळीनंतर तो शाळेत आलाच नाही. डॅप्सोनच्या गोळ्या तो घेत होता, एवढे कानावर आले. मी घरी गेलो नाही.

१९८२ पासून बहुविध औषधोपचार सुचवले गेले आणि रोग सहा महिने ते वर्ष-दोन वर्षांत बरा होऊ लागला. मेलेल्या नसा मात्र परत येत नाहीत. २००५ अखेर देशपातळीवर रुग्णांचे प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आले. आपल्याकडे नवे रुग्ण अजूनही सापडतात. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण कायद्यातून गेले, तेही २०१९ मध्ये!

असो. काही वर्षांपूर्वी भंडाऱ्याच्या बसस्टँडवर "गुरुजी" म्हणून कुणी पाया पडले. तोच. दोन बोटे आखडलेली. आम्ही चहा घेतला. त्याने खिशातून रुमाल काढला, ग्लासाभोवती गुंडाळला आणि मगच तो उचलला.