परसबागेतले पाहुणे

संत सावता माळी यांनी इ. स. १२९५ साली अरण येथे समाधी घेतली. मळ्यातच विठ्ठल पाहणाऱ्या त्यांच्या सुप्रसिद्ध अभंगात कांदा, मुळा, लसूण, कोथिंबीर यांच्या जोडीला मिरचीही येते. आपण सर्वांनी तो अभंग लहानपणापासून म्हटला आहे. परंतु इतिहासाच्या दृष्टीने पाहू जाता तेथे एक अडचण उभी राहते. मिरची मूळची अमेरिका खंडातील. कोलंबस त्या बाजूस पोहोचला १४९२ साली, वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ साली आणि गोवे पोर्तुगीजांच्या हाती गेले ते १५१० साली. मग त्याआधी दोनशे वर्षे सावतोबांच्या मळ्यात मिरची कोठून आली?

उत्तर सरळ आहे. अभंग तोंडोतोंडी चालत आले आणि पुढल्या काळात कोणा गाणाऱ्याच्या मुखी हा शब्द बसला असावा. आम्हांस यात पाठाचा दोष दिसत नाही, उलट एक मोठी साक्ष दिसते. समुद्रापलीकडून आलेले एक रोप महाराष्ट्राच्या मातीत इतके घरचे झाले, की संताच्या मळ्यात ते वाढत नव्हते अशी शंकाही कोणास आली नाही.

अनोळखी भाजी घरची होते ती नाव मिळाल्यावर. आपल्या पूर्वजांनी अशी नावे दोन रीतींनी दिली. पहिली रीत म्हणजे जुन्याच नावात नव्याला सामावून घेणे. तिखटासाठी पूर्वी मिरे आणि पिंपळी असत. त्या मिऱ्यावरून मिरची झाली. रक्तालू हा जुना संस्कृत शब्द. त्यावरून आलेले रताळे हे नाव अमेरिकेतून आलेल्या गोड कंदास मिळाले. भोपळा आपल्याकडे होताच, म्हणून नवा आला तो लाल भोपळा. घेवडाही होता, म्हणून दुसऱ्या परदेशी शेंगेस श्रावणघेवडा हे सुंदर नाव लाभले. दुसरी रीत म्हणजे पाहुण्याचे नाव तसेच ठेवणे. बटाटा, काजू, अननस हे शब्द पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडे आले. कोबी हाही त्यांच्याच ‘कोव्ह’ या शब्दाचा वंशज.

यात आपल्यासारख्या मुलखाबाहेर स्थायिक झालेल्या घराण्यांसाठी एक विशेष गोष्ट आहे. गायकवाडांचा बडोद्यात कायमचा अंमल बसला १७३४ साली. शिंदे-होळकरांचे माळव्यात बस्तान बसले तेही त्याच सुमारास. बटाट्याचा आपल्या देशात सर्वदूर प्रसार झाला तो मात्र एकोणिसाव्या शतकात. तेव्हा फौजेबरोबर किंवा दप्तराबरोबर देशावरून निघालेल्या आपल्या मूळपुरुषांच्या पंक्तीत बटाट्याची भाजी असण्याचा संभव फार थोडा. तरीही इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी घरात आज ‘बटाटा’ म्हणतात, बाहेर बाजारात मात्र ‘आलू’. म्हणजे माणसे आधी गेली आणि शब्द मागाहून गेला. सोयरिकी, यात्रा, पत्रव्यवहार यांनी मूळ मुलखाशी धागा टिकवला नसता, तर हे घडते ना.

नावांच्या या सरमिसळीत गमतीही होतात. इंदुरात अळू मागावे तर भाजीवाला आलू तोलू लागतो. बडोद्यात रताळी मागणाऱ्या नव्या सुनेच्या पिशवीत उंधियूचा जांभळा कंद पडतो. कारण गुजरातीत ‘रताळू’ म्हणजे आपले कोनफळ, आणि आपल्या रताळ्यास तेथे ‘शक्करिया’ म्हणतात.

उपवासाच्या ताटाकडे पाहिले तर आश्चर्य अधिकच वाढते. बटाटा, रताळे, शेंगदाणा, हिरवी मिरची, आणि आजचा साबुदाणा ज्यापासून होतो तो टॅपिओकाचा कंद, ही सर्व मंडळी मूळची अमेरिकेची. ज्या दिवशी अन्नाचे नियम सर्वांत कडक, त्याच दिवशी पानात सर्वाधिक पाहुणे!

हे पाहुणे आधी उतरतात ते लहान बागेत. शेतकऱ्याचे वर्षाचे पोट शेतावर अवलंबून. तो अनोळखी पिकावर एकदम कसा विसंबेल? परसातल्या एका वाफ्यात मात्र काही बिघडले तरी फारसे अडत नाही. मराठीचे व्याकरण १८०५ साली आणि मराठी कोश १८१० साली प्रसिद्ध करणारे विल्यम केरी आपणां सर्वांस ठाऊक आहेत. हेच केरी मोठे बागप्रेमी होते आणि १८२० साली कलकत्त्यास स्थापन झालेली कृषी व उद्यान संस्था ही त्यांचीच खटपट. फ्लॉवरचे बी १८२२ च्या सुमारास सहारनपूरच्या कंपनी बागेत आले. ती थंड हवेची भाजी. आपल्या उन्हात तिचा गड्डा धरेना. तेव्हा ज्या थोड्या रोपांनी उष्ण हवेतही गड्डा धरला, त्यांचेच बी आपले माळी वर्षानुवर्षे राखत गेले. त्यातून हिंदुस्थानी फ्लॉवरच्या लवकर येणाऱ्या जाती तयार झाल्या. त्या माळ्यांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत.

निवृत्तीनंतर आम्ही बडोद्यात घरामागच्या चार वाफ्यांत हाच उद्योग आरंभिला आहे. ब्रोकोलीचे रोप नवरात्रानंतर लावले की थंडीत गड्डा धरते. फुले पिवळी पडण्याआधी तो कापावा. मग बगलेतून लहान तुरे येत राहतात. झुकिनीला नर व मादी फुले वेगळी येतात. मधमाश्या कमी असल्या तर सकाळी लवकर नर फूल तोडून मादी फुलास लावावे लागते. या दोघींना अद्याप मराठी नाव नाही. कदाचित मिळेल, कदाचित बटाट्याप्रमाणे त्या आपलेच नाव घेऊन राहतील. त्याची आम्हांस काळजी नाही.

काळजी आहे ती शेजारच्या वाफ्याची. तेथे अळू, मायाळू, चाकवत आणि अंबाडी आहे. आमच्या नातवंडांस ब्रोकोली चटकन ओळखता येते, चाकवत मात्र दाखवून सांगावा लागतो. अनोळखी भाजी कोणती, हे आता पिढीवर ठरू लागले आहे. पुण्या-साताऱ्यात भाजी परसातून गेली तरी तिचे नाव मंडईत टिकते. आपले तसे नाही. इंदूरच्या बाजारात चाकवताचा बथुआ होतो, हैदराबादेत अंबाडीचा गोंगूरा, बेळगावच्या कन्नड भाजीवालीकडे तिचीच पुंडी. ही नावेही गोड आहेत आणि ती आपणांस यावीतच. परंतु आपला शब्द उरायचा तर त्याला घरातच जागा हवी. परसात रोप आहे तोवर ‘जा, अळूची चार पाने काढून आण’ हे वाक्य मराठीत बोलले जाते. रोप गेले की वाक्य जाते, आणि वाक्य गेले की शब्दास कोशाखेरीज आसरा नाही.

वाडे पडून सदनिका झाल्या, हे खरे. पण अळूचा गड्डा एका जुन्या बादलीत लागतो, मायाळूची कांडी गॅलरीच्या गजांवर चढते आणि मूठभर चाकवताचे बी वर्षभर डबीत राहते. नव्या पाहुण्यांस वाफा द्यावा, कारण मिरचीही एकदा अशीच दारात उभी होती. मात्र त्यांच्यासाठी घरच्यांस उठवू नये. वाचकांपैकी ज्यांच्याकडे अजून अंगण किंवा गॅलरी आहे, त्यांनी यंदाच्या मृगाला एक तरी जुनी भाजी लावावी आणि ती खुडायला नातवंडांस तिच्या मराठी नावानेच पाठवावे.